प्रस्थानाची पिशवी आणि बेपत्ता विमान

देशपांडे नगर, हुबळी
बुधवार, सकाळची पूजा आटोपून

तीर्थस्वरूप गोदाक्कांस,

सुलभाचा वाकून नमस्कार. (पूर्वीसारखं पायांपर्यंत वाकता येत नाही, कंबर मध्येच अडवते. तेव्हा गुडघ्यापर्यंतचा नमस्कार प्रत्यक्ष पोचला आणि उरलेला मनाने केला, असं समजावं.) गुडघ्यावरून आठवलं, तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला बांधता की सुनिताने आणलेलं मलम लावता? दोन्ही एकदम करू नका, कातडी सोलवटते, मी भोगलंय. सुनिताला म्हणावं, तिने पाठवलेला तांदूळ फार छान निघाला, भात मोकळा होतो. सून म्हणून तुम्ही तिला नावं ठेवता, पण तांदळाची पारख तिला तुमच्याहून बरी आहे, हे मी पत्रात लिहिण्याचं धाडस करते. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण आमच्या घरातला फोन म्हणजे गल्लीतला नळ. एकाने बोलायचं आणि चौघांनी घागरी घेऊन उभं राहायचं. शिवाय विषय अडचणीचा निघाला की तुमच्याकडे नेमकं दूध उतू जातं. पत्राचं बरं असतं, दूध उतरवून पुन्हा हातात घेता येतं.

विषय पर्थचा आहे, म्हणजे आपल्या स्वातीच्या परदेशातल्या गावाचा. स्वातीचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला एवढा लांबचा प्रवास नको म्हटलं, आणि जावईबापूंना, म्हणजे अनिकेतरावांना, आई नाही. तेव्हा लेकीला माहेरी येता येत नाही, तर माहेरानेच उठून लेकीकडे जायचं, असं मी ठरवलं. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात जे झालं ते पोरीने परक्या मुलखात सोसलं, आणि मी इथे ओट्याशी उभी राहून फोनवर ‘धीर धर, धीर धर’ म्हणत होते. धीर काय फोनमधून जातो? या वेळी फोनवरची आई व्हायचं नाही. डिंक आणला, खारीक कुटली, मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. (अळीव मात्र नेता येणार नाहीत. तिकडे विमानतळावर बी-बियाणं दिसलं की काढून घेतात म्हणे. अळिवाच्या खिरीशिवाय त्या देशातल्या बायका बाळंतिणी होतात कशा, ते त्यांचं त्यांना ठाऊक.) मी जाणार हे ठरलं, तिकीट आलं, आणि त्याच आठवड्यात ते विमान पुन्हा वर आलं. म्हणजे पाण्यावर नव्हे, बातम्यांत.

ते विमान तुम्हाला आठवत असेल. दहा-बारा वर्षांपूर्वी मलेशियाहून माणसांनी भरून निघालं आणि चीनला पोचलंच नाही. लाटांनी दूरदूरच्या किनाऱ्यांवर काही तुकडे आणून टाकले, तेवढेच. कुठे गेलं, का गेलं, अजून कुणाला छातीठोक सांगता येत नाही. त्याचा शोध पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. शोध कुठे घेणार, तर पर्थच्या पलीकडच्या समुद्रात. आणि माझं विमान बदलायचं कुठे, तर मलेशियात. झालं, आमच्या घरापुढच्या कट्ट्यावर संध्याकाळी जे मंडळ बसतं त्याला वर्षभराचा शिधा मिळाला. मंडळ म्हणजे मोठं नाही. एक तुमचे बंधुराज. दुसरे यशवंत मास्तर, मळमड्डीहून रोज चिगरी नावाच्या शहरबसने येतात, निवृत्त होऊनही भूगोल त्यांना निवृत्त होऊ देत नाही. तिसरा नागेश, इथल्या बेलूर वसाहतीतल्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिघांपैकी विमानात कोण बसलंय म्हणाल तर एकटे मास्तर, तेही एकदाच, बेंगळूरपर्यंत, आणि तेव्हा डोळे मिटून होते असं त्यांच्या मंडळींनीच मला सांगितलंय.

नागेशचं म्हणणं, कारखान्यात आजवर जेवढे लोखंडी पाने नाहीसे झाले ते सगळे आतल्याच माणसाने नेले, त्याअर्थी विमानही आतल्याच माणसाने नेलं. मास्तरांनी जुन्या नकाशावर पेन्सिलीने एवढी वर्तुळं काढलीत की हिंदी महासागर आता जिलब्यांच्या परातीसारखा दिसतो. आणि ह्यांचं शास्त्र आमच्या भांड्यांच्या दुकानाचं. ट्रान्सपोर्टने निघालेली स्टीलची पेटी आली नाही, तर ती कुठे नाहीशी होत नसते. ती चुकीच्या गोदामात उतरलेली असते, आणि त्या गोदामाचा माणूस उगाच लफडं नको म्हणून गप्प बसलेला असतो. इतकी वर्षं धंदा केला, एक पेटी कायमची गेली नाही, हे ते छातीवर हात ठेवून सांगतात. त्यामुळे विमान कुठल्या तरी बेटावर उतरलंय. तिथे नारळ आहेत. गोडं पाणी आहे. एका बेटावर तर ह्यांनी शाळासुद्धा काढली, कारण विमानात लहान मुलंही असणार. दुसऱ्या दिवशी बेट बदलतं, समुद्र बदलतो, पण एक गोष्ट मी ध्यानात घेतली, अक्का. ह्यांच्या कुठल्याही तर्कात माणसं मरत नाहीत. शेवटी सगळी जिवंतच असतात, फक्त कुणी न्यायला गेलेलं नसतं.

हे असे का झालेत, तेही मला ठाऊक आहे. स्वाती गेल्या वर्षी इथून परत गेली तेव्हा सुट्टीला आलेल्या आमच्या रोहितने बापाला फोनमध्ये एक नकाशा घालून दिला. आकाशातलं विमान त्यात टिंबासारखं सरकताना दिसतं. हे टिंब बघत बसले. समुद्रावर गेल्यावर टिंब थांबलं. रोहित म्हणाला, अप्पा, तिथे सिग्नल मिळत नाही, असं होतंच. ह्यांनी काही ऐकलं नाही. हातात फोन आणि नजर त्याच्यावर, जेवायलाही उठले नाहीत. टिंब पुन्हा हललं तेव्हा उठून देवाला दिवा लावला, तो भरदुपारी. त्या दिवसापासून ह्यांच्यात काहीतरी सैल झालंय. मला तेव्हा ह्यांची दया आली होती. पण दया आली म्हणून लेकीचं बाळंतपण रद्द होत नाही.

मागच्या आठवड्यात एकदा मात्र माझा तोल गेला. मी चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन बाहेर गेले, तर नागेश आणि मास्तर यांच्यात पैज लागलेली, विमान उत्तरेला की दक्षिणेला. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, त्या विमानात कुणाची तरी आई बसली असेल, लेकीकडे निघालेली, पिशवीत माझ्यासारखंच काहीबाही बांधून. तिच्या लेकीने अजून वाट बघायची सोडली नसेल, आणि तुम्ही तिच्यावर पैज लावता? नागेशने मान खाली घातली. मास्तरांनी अगदी हळू आवाजात विचारलं की गिरमिटात लिंबू जरा कमी आहे का. पुरुषांना लाज वाटली की भूक लागते, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्यात तुमचाही हात आहे. माझं विमान उडतं अमावास्येला. (विमान कंपन्यांकडे पंचांग नसतं.) तुम्ही पंचांग बघून फोनवर सांगितलंत, शुक्रवार उत्तम आहे, शुक्रवारी प्रस्थान ठेव. सुनिताला हे ठाऊक नसेल तर समजावून सांगा: निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू तांदूळ-सुपारीसकट शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. त्या मुहूर्तावर माणूस निघालं, असं धरतात. मग ती वस्तू आपल्या घरात परत आणायची नाही, तिथूनच उचलून पुढे चालू लागायचं. शिवाय ती प्रवासाच्या दिशेला ठेवायची. पर्थ कुठल्या दिशेला, यावर कट्ट्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. मास्तरांनी होकायंत्र आणलं. शेवटी आग्नेय दिशा ठरली आणि आग्नेयेला निघाली आपली समोरची जयलक्ष्मी, जिचं घर पर्थच्या वाटेवर नसलं तरी आमच्या फाटकाच्या आग्नेयेला नक्की आहे.

आणि काय ठेवायचं? तुम्ही म्हणाला होतात, जिच्यावाचून प्रवास अडेल अशी वस्तू ठेव. तुमच्या वेळी ती वस्तू म्हणजे तांब्या नाहीतर वहाणा. मी पुष्कळ विचार केला. माझ्या वहाणांवाचून पर्थला काही अडणार नव्हतं. तांब्या तर विमानवाले आत येऊच देणार नाहीत. जिच्यावाचून खरोखर अडेल अशी एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे माझा पासपोर्ट. तोच ठेवला. जुन्या इरकलीच्या पिशवीत तांदूळ, सुपारी, हळकुंड, बाळाचं पहिलं टोपडं आणि पासपोर्ट. शास्त्राला धरून अगदी बरोबर केलं, आणि अकलेला धरून अगदी चूक. जयलक्ष्मीने हळदकुंकू लावून पिशवी देवघराच्या फळीवर ठेवली, माझी ओटी भरली, आणि मी शुक्रवारी शास्त्रोक्त पर्थला निघून घरी स्वयंपाकाला परत आले.

सोमवारी सकाळी जयलक्ष्मी धावत आली. फळी रिकामी. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. “सुलभाक्का, देवराणे, देवाशप्पथ, मी हात लावले नाही री! एन माडली री आता?” म्हणत ती माझ्या पायाशीच बसली. काय करू, काय करू, एवढंच. मी तिला उठवलं, पाणी दिलं, आणि तिच्याबरोबर तिचं देवघर बघायला गेले. दाराचं कुलूप शाबूत, कडी जागच्या जागी, चांदीचं निरांजन फळीवर तसंच, आणि पिशवी मात्र नाही. 

मंडळाला हे कळलं आणि समुद्रातला शोध तिथल्या तिथे थांबवून सगळी यंत्रणा जयलक्ष्मीच्या घराकडे वळवण्यात आली. मास्तरांनी मला विचारलं, पिशवीशी तुमचा शेवटचा संपर्क केव्हा झाला? पिशवीने मला शेवटचं काय कळवलं, हे विचारायचं त्यांनी बाकी ठेवलं, एवढीच कृपा. त्यांनी नकाशाच्या पाठीवर जयलक्ष्मीचं घर काढलं आणि त्याभोवती वर्तुळं. नागेशने आतला माणूस, आतला माणूस म्हणत जयलक्ष्मीच्या म्हाताऱ्या सासऱ्यांकडे अशी नजर टाकली की त्या बिचाऱ्यांनी जेवण सोडलं. मग माळा तपासायचं ठरलं. मास्तर माळ्यावर चढले, आणि चढलेला माणूस त्याच भोकातून उतरू शकतोच असं नाही, हा भूगोल त्यांना वर गेल्यावर कळला. कुकरची शिट्टी वाजली तसे दचकून ते मागे सरले आणि पापडांच्या डब्यावर बसले. त्यांना खाली घ्यायला शिडी, नागेश आणि जयलक्ष्मीची दोन लुगडी लागली. शोधात पिशवी सापडली नाही. सापडलं ते असं: सासऱ्यांनी लपवलेली तंबाखू, जयलक्ष्मीच्या नवऱ्याला लग्नात आलेलं घड्याळ, आणि माझी खिरीची वाटी, जिच्यावरून मी दुसऱ्याच शेजारणीशी दोन वर्षं बोलत नाही. त्या विमानाच्या शोधातही म्हणे जुनी बुडालेली जहाजं सापडली होती. जे शोधावं ते सोडून सगळं सापडतं, हा नियम समुद्राला आणि माळ्याला सारखाच लागू आहे.

बाजारात तर पराचा कावळा नव्हे, कावळ्यांची शाळा भरली. सोमवारी संध्याकाळी पिशवीत सोनं होतं. काल सकाळी मी नवऱ्याला सोडून कायमची चालले होते. आणि काल संध्याकाळी भाजीवालीने, मला न ओळखता, मेथी निवडता निवडता मलाच सांगितलं की देशपांडे नगरातली एक बाई त्या नाहीशा झालेल्या विमानातच होती, तिचा पासपोर्ट तेवढा आता शेजारणीच्या देवघरात निघाला, आणि बिचारीचा नवरा अजून वाट बघतो. मी म्हटलं, बाई मोठी चांगली होती हो. ती म्हणाली, गेलेली माणसं चांगलीच असतात, जुडी घ्यायची का?

अक्का, या सगळ्या गोंधळात एकच माणूस शांत होता. पेटी हरवली की ह्यांची काय अवस्था होते, ती तुम्ही बघितलीय. जेवण नाही, झोप नाही, प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याला फोन, त्याच्या हमालाला फोन. इथे बायकोचा पासपोर्ट हरवला, आणि हे सोमवारी दोन पोळ्या जास्त जेवले. दुपारी घोरले. मास्तर विचारतात, बाळकृष्णराव, तुमचं मत काय? तर हे म्हणतात, देवाची इच्छा. ज्या माणसाकडे त्या विमानाची रोज नवी हकीकत असते, त्याच्याकडे पिशवीविषयी एकही तर्क नाही. मी सहज म्हटलं, उद्या पोलिसांत जाऊन सांगते, पासपोर्टची गोष्ट आहे. तर ह्यांच्या बशीतला चहा धोतरावर आला आणि हे म्हणाले, इतकी घाई नको, पोलीस आले तर जयलक्ष्मीला त्रास होईल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जो शोधतो तो तर्क करतो. ज्याला ठाऊक असतं त्याला तर्काची गरजच पडत नाही.

मी भांडले नाही. कालपासून उरलेले लाडू वळतेय. सामान बांधून झालंय. घरच्यांनी दार लावलं तर मी खिडकीतून जाईन, आणि खिडकी लावली तर मास्तर चढले तशा माळ्यावरून, एवढं आता ठरलेलं आहे. जयलक्ष्मीला मात्र सांगितलं, पिशवी मिळाली म्हणून समज, आणि सासऱ्यांना जेवायला वाढ.

तर एवढीच हकीकत तुमच्या कानावर घालावी म्हणून हे लिहिलं. घरातल्या थोरांच्या पायांशी, मुलांच्या गालांशी आणि तुमच्या गुडघ्याशी माझ्यातर्फे जे पोचवायचं ते पोचवावं.

तुमची भावजय,
सुलभा

ता. क. – पिशवी तुमच्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे. एरवी भाऊबिजेखेरीज तुमच्या अळणावरची वाट न धरणारे तुमचे बंधुराज रविवारी तुमचा गुडघा बघायला म्हणून आले होते. त्याआधी सकाळी ते जयलक्ष्मीकडे देवाला फुलं द्यायला गेले होते. (ह्यांनी देवाला फुलं दिली, हेच जगातलं आश्चर्य आहे.) आणि काल तुम्ही फोनवर आमच्या मांजरीच्या पिल्लांचीसुद्धा चौकशी केलीत, पण प्रस्थानाच्या पिशवीबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. मुहूर्त तुम्ही काढून दिलेला. जी बाई मुहूर्त काढून देते आणि वस्तू कुठे आहे हे विचारत नाही, तिच्या समोरच ती असते. भावासाठी ठेवून घेतलीत, म्हणून रागावलेली नाही. माझ्या भावाने आणून दिली असती तर मीही ठेवून घेतली असती.

ता. क. २ – आता खरी विनंती. प्रस्थान आपल्या घरात परत आणायचं नसतं, म्हणून मी शनिवारी सामानासकट तुमच्याकडेच येते आणि तिथूनच बेंगळूरची गाडी धरते. (पर्थ आग्नेयेला आणि अळणावर पश्चिमेला; माझा प्रवास उलटा सुरू झालाय, पण पृथ्वी गोल आहे असं मास्तर म्हणतात.) बॅगा उचलायला हे बरोबर असतीलच. मी ह्यांना एवढंच सांगणार आहे की अक्कांच्या पाया पडून निघायचंय. तुम्ही माझी ओटी भरा आणि नारळाबरोबर ती पिशवी ओटीत घाला. ती अळणावरला कशी आली हे मी तुम्हाला विचारणार नाही, ह्यांनाही नाही, कधीच नाही. नागेश आणि मास्तर तर्क करत राहतील, तेवढीच त्यांना करमणूक. आणि मी परत येईपर्यंत ह्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या. एकटे जेवत नाहीत.

ता. क. ३ – हे सुनिताला वाचून दाखवू नका. भीती मलाही वाटते. समुद्र मी एकदाच बघितलाय, गोकर्णला, तोही काठावरून. लाडू वळताना मध्येच ते विमान डोळ्यांसमोर येतं आणि हात थांबतो. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. एवढी बेटं झाली, नकाशे झाले, माझी पिशवीसुद्धा पळवून झाली, पण ‘सुलभा, जाऊ नकोस’ असं ह्यांनी अजून एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही. शनिवारी तुम्हीही म्हणू नका, आणि त्यांनाही म्हणू देऊ नका. स्वाती तिकडे वाट बघतेय, आणि तुम्हा दोघांपैकी कुणी ते एकदा जरी म्हटलं, तर मी राहून जाईन.